भिंतीवरील बांबूची फळी : तंत्र, कायदा आणि कारागीर

महाराष्ट्रातील जुन्या घरात बांबूला प्रवेश नव्हता अशी जागा क्वचितच असेल. छपराचा सांगाडा, धान्याची कणगी, सूप, टोपली, पाळणा आणि अखेरीस तिरडी, या सर्वांत तो होता. भिंतीवरील फळी मात्र सागाची, आंब्याची वा फणसाची असे. यामागील कारण साधे होते. बांबू गोल, पोकळ आणि शेंड्याकडे निमुळता असल्याने करवतीने त्यातून रुंद फळी निघत नाही. बांबूची फळी ही विसाव्या शतकातील निर्मिती होय. तिचा इतिहास केवळ तंत्राचा म्हणून पाहिल्यास अपुरा राहतो, कारण त्यात वनकायद्याचा आणि बुरूड कारागिराचाही भाग आहे.

भारतात या तंत्राचा पाया बंगळूर येथील भारतीय प्लायवूड उद्योग संशोधन व प्रशिक्षण संस्थेने १९८० च्या दशकात घातला. बांबूच्या पातळ बेळांची चटई विणावयाची, ती फिनॉल फॉर्मल्डिहाइडच्या राळेत बुडवून वाळवावयाची आणि अशा अनेक चटया एकावर एक रचून उष्ण दाबयंत्रात दाबावयाच्या, अशी ही पद्धती. १९९४ मध्ये बांबू चटई फलकासाठी भारतीय मानकही निश्चित झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यंत्रयुगातील या फलकाचा आरंभबिंदू हाताने विणलेली चटई हाच राहिला. केरळमध्ये १९७१ साली स्थापन झालेल्या राज्य बांबू महामंडळाने तर हजारो विणकरांच्या, त्यांतही प्रामुख्याने स्त्रियांच्या, श्रमावर हा उद्योग उभारला.

या विणीमुळेच फलकाला त्याचे गुण लाभले आणि मर्यादाही. त्यातील तंतू कडेला तिरपे बसत असल्याने फलक आपल्या पातळीत विलक्षण ताठ राहतो. म्हणून आडभिंतीसाठी तो उत्तम. परंतु वाकण्यास होणारा त्याचा विरोध नेहमीच्या प्लायवूडपेक्षा कमी पडतो. दोन टोकांना आधार देऊन त्यावर ग्रंथ रचले तर काही काळाने फळीला मध्यभागी झोळ येतो. त्यावर उपाय म्हणून चटयांच्या मध्ये लाकडी पापुद्रे घालून संमिश्र फलक तयार करण्यात आला. साध्या चटई फलकाची फळी करावयाची झाल्यास ब्रॅकेट जवळ-जवळ ठोकावे लागतात, किंवा पुढील कडेखाली उभी पट्टी द्यावी लागते. सुताराला हे सांगावे लागत नाही. खरेदीदाराला मात्र सांगावे लागते.

आता कायद्याकडे वळू. भारतीय वन अधिनियम, १९२७ याने ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबूचा समावेश केला. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत असले तरी वनखात्याच्या दृष्टीने ते झाड ठरले. तत्पूर्वी, १९२५ मध्ये, बांबूपासून कागद तयार करणाऱ्या उद्योगाला आयातशुल्काचे संरक्षण देणारा कायदा झालेला होता. बांबूची ओळख कागदाचा कच्चा माल अशी पक्की होण्याचा तो काळ. स्वातंत्र्यानंतर कागद गिरण्यांना जंगलातील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी अत्यल्प दरात मिळत राहिला, तर टोपल्या विणणारा त्याच बांबूसाठी बाजारभाव मोजत असे. १९७० च्या दशकाच्या मध्यास माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातील बांबूचा जो अभ्यास केला, त्यामागे टोपली विणणाऱ्यांचीच तक्रार होती. महाराष्ट्रातील नोंदणीकृत बुरुडांना सवलतीच्या दराचा बांबू मिळे, परंतु तो परवान्यावर आणि ठरावीक संख्येत. ही सवलत होती, हक्क नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ईशान्य भारतातून लाकूड बाहेर नेण्यास बंदी घातली आणि तेथील प्लायवूड गिरण्यांवर निर्बंध आले. पुढे २००४ मध्ये केंद्राने बांबू उपयोजनांसाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले, ते बांबूला लाकडाचा पर्याय मानूनच. विसंगती अशी की, लाकडाचा हा पर्याय कायद्याच्या पुस्तकात स्वतःच वृक्ष होता, आणि अनेक ठिकाणी शेताच्या बांधावरील बांबू तोडून नेण्यासही परवाना लागे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडला. कायदा होणे आणि बांबूची मोळी गावाबाहेर पडणे यांत इतके अंतर होते. वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने. त्याचा लाभ वनाबाहेर वाढलेल्या बांबूला झाला. वनातील बांबू वनोपजच राहिला.

हा बदल होईपर्यंत फळीचे तंत्रही पुढे सरकले होते. बांबूच्या यंत्राने रंधलेल्या पट्ट्या चिकटवून केलेला फलक अधिक सरळ, गुळगुळीत आणि वाकण्यास कठीण असतो. ग्रंथांच्या फळीसाठी तो निःसंशय सरस. त्यात विणीला स्थान नाही. ज्या काळात बुरुडाचे विणकाम फलकाचा गाभा होते, त्या काळात त्याला बांबू मोजून मिळत होता; बांबू मोकळा झाला तेव्हा फलकाला त्याच्या विणीची पूर्वीइतकी गरज उरली नव्हती. दुकानात ‘बांबूची’ म्हणून विकली जाणारी फळी कोणत्या प्रकारची आहे, हे तिची कापलेली कड पाहिल्यास कळते. चटईची कड दाट, लहरत्या थरांची दिसते. पट्ट्यांच्या फळीत सरळ चौकटी दिसतात.