हठयोग : ओवीपासून प्रयोगशाळेपर्यंत

आसन, प्राणायाम, मुद्रा आणि बंध, म्हणजे शरीराचा विशिष्ट भाग आवळून धरण्याची क्रिया, यांच्या साहाय्याने देह व श्वास स्थिर करणारा हठयोग मराठीत फार लवकर अवतरला. स्वात्मारामाचा ‘हठप्रदीपिका’ हा हठयोगावरचा ग्रंथ पंधराव्या शतकातील मानला जातो, परंतु नाथपरंपरेतील ज्ञानेश्वरांनी १२९० मध्येच गीतेच्या सहाव्या अध्यायावरील ओवीबद्ध भाष्यात मूळबंध, जालंधरबंध व कुंडलिनी, म्हणजे देहात सुप्त मानलेली शक्ती, यांचे विस्तृत वर्णन केले होते, आणि ही गोष्ट योगाच्या इतिहासात पुरेशी अधोरेखित होत नाही.

पुढे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी बडोद्यात क्ष-किरण व दाबमापक यांच्या मदतीने उड्डियानबंध आणि पोटाचे स्नायू घुसळणारी नौली तपासली, तेव्हा नौलीत मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबाहून खाली जातो आणि त्यामुळेच बस्तिक्रियेत, म्हणजे गुदद्वारातून पाणी घेऊन आतडे धुण्याच्या क्रियेत, पाणी आपोआप वर ओढले जाते, हे त्यांना आढळले. लवचिकता, संथ श्वसन, ताण हलका होणे हे हठयोगाचे अनेकांना जाणवणारे लाभ. मात्र या लाभांची पारख मोजमापानेच व्हावी, हा कुवलयानंदांचा आग्रह मोलाचा होता. याच हेतूने १९२४ मध्ये लोणावळ्यात ‘कैवल्यधाम’ स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर त्रैमासिक निघाले.