निस्तरणे

'तुझं तू निस्तर' असे आपण रागाने म्हणतो. मूळ शब्दात मात्र राग नाही. संस्कृत निस् + तृ म्हणजे पार होणे; तरणे, तारणे, तीर्थ ही त्याचीच भावंडे. पूर्व विदर्भात सरपण, चराई, बांबू यांवरचा गावाचा हक्क तो निस्तार हक्क, आणि त्याची नोंद निस्तार-पत्रकात. तिथे निस्तार म्हणजे गुजराण. घरात-कचेरीत मात्र निस्तरायचे ते बहुतेक दुसऱ्याने करून ठेवलेले.

अकोटच्या माणसाला याचा दाखला लांब शोधायला नको. पश्चिमेला अडगाव आहे. 29 नोव्हेंबर 1803 ला तिथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडल्या. भांडण वऱ्हाडाचे नव्हतेच. दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 ला वसईत इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, तिचा भडका इथल्या काळ्या रानात उडाला. आठवडाभर आधी शिंद्यांच्या वकिलांनी लढाई तहकूब ठेवण्याचे कबूल केले होते. भोसले त्यात नव्हते, अटीही पाळल्या गेल्या नाहीत.

तह आणि तहकूब एका घरचे वाटतात, पण नाहीत. तहकूब अरबी 'तवक्कुफ'वरून आला, अर्थ थांबणे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तहकूब झालेली लढाईही. तह करणाऱ्याला काहीतरी सोडावे लागते. 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांत रघूजी भोसल्यांनी देवगावचा तह केला. कटक गेले, वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड गेले. नरनाळा आणि गाविलगड तेवढे त्यांच्याकडे राहिले. 30 तारखेला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांचाही तह झाला.

कलकत्त्यात बसलेल्या थोरल्या वेलस्लीने, म्हणजे आर्थरच्या गव्हर्नर जनरल भावाने, 1804 मध्ये होळकरांशी नवे युद्ध काढले. ते निस्तरायला कंपनीने 66 वर्षांच्या कॉर्नवॉलिसला त्याच्या जागी पाठवले; जुलै 1805 मध्ये तो कलकत्त्यात पोचला. युद्ध त्याने सुरू केले नव्हते, पण 'हे आधीच्याचे' म्हणून त्याने ते पुढे रेटले नाही, हे मला मोलाचे वाटते. जबाबदार म्हणजे जबाब बाळगणारा, आणि गादीवर बसला की आधीच्याचाही जबाब त्यालाच द्यावा लागतो. ऑक्टोबरात गाझीपूरला तो वारला. पुढे त्याच्या जागी आलेल्या बार्लोने नोव्हेंबरात शिंद्यांशी तह करून ग्वाल्हेर-गोहद परत दिले, डिसेंबरात होळकरांशी मिटवले. मात्र हे करताना कंपनीने जयपूरशी आधी केलेला करार त्याने मोडला, आणि तो डाग त्याच्या नावावर राहिलाच.

वऱ्हाडाचे काय झाले? देवगावच्या तहाने ते निजामाकडे गेले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेचा खर्च निजामावर थकत गेला आणि त्यापोटी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्या फौजेचा पगार त्यानंतर अकोट-अडगावच्या शेतसाऱ्यातून निघू लागला.