तापीखोऱ्यातला उन्हाळी प्रवास

नंदुरबार जिल्ह्यात मार्च सरला की दुपारचा प्रवास जिवावर येतो. नंदुरबार, शहादा, तळोदा या तापीकाठच्या सपाट तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर राहतो आणि काही दिवस ४३-४४ अंशांवर जातो. हवा मात्र कोरडी असते. नंदुरबारच्या पथारींवर हिवाळ्यात लाल मिरची वाळते ती याच कोरडेपणामुळे, आणि उन्हाळ्यात अंगावरचा घाम दिसायच्या आत उडून जातो तोही त्यामुळेच. पाणी वाफ होताना भोवतालची उष्णता ओढून घेते. एक लिटर घाम पुरता वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. वाटेत गारवा मिळवण्याचे इथले बहुतेक जुने उपाय या एका गोष्टीवर उभे होते. दुसरा उपाय वेळेचा होता, तो म्हणजे ऊन चढायच्या आत मुक्काम गाठणे.

बैलगाडीच्या काळात वेळेचा उपाय जास्त महत्त्वाचा होता, कारण तेव्हा माणसाइतकीच बैलांची काळजी करावी लागे. पहाटे चांदणे असतानाच गाडी जुंपायची, दहाच्या सुमारास एखाद्या आंब्याखाली किंवा वडाखाली सोडायची आणि उन्हे कलल्यावर पुन्हा निघायचे, असा क्रम असे. दमणीवर ताडपत्री किंवा तट्ट्याचे छप्पर घालत, त्यामुळे डोक्यावरचे ऊन अडे आणि दोन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या राहत. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात गाडीवाटाही नव्हत्या. तिथले भिल आणि पावरा लोक वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन पायवाटांनी चालत आणि धडगावच्या किंवा मोलगीच्या बाजारासाठी अंधारात घर सोडत. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी रात्रभर चालते आणि तिच्यासाठी लांबलांबच्या पाड्यांवरून माणसे येतात. इतके अंतर पायी तोडणाऱ्या समाजाला रात्रीचा प्रवास परका नव्हता.

सुरतेहून अमळनेरपर्यंतचा तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला, आणि नवापूर व नंदुरबार गाडीच्या वाटेवर आले. सोय मोठी झाली, पण निघण्याची वेळ प्रवाशाच्या हातून गेली. वेळापत्रकात दुपार असेल तर दुपारीच डब्यात बसावे लागे, आणि लोखंडी छताखालचा तिसऱ्या वर्गाचा डबा भट्टीसारखा तापे. लाकडी झिलमिल ओढून ऊन अडवायचे, ओला पंचा डोक्यावर घ्यायचा आणि स्थानक आले की सुरई भरून घ्यायची, एवढेच सामान्य प्रवाशाच्या हाती होते. पैसेवाल्यांसाठी देशातल्या रेल्वेत वाळ्याच्या ताट्या होत्या. वाळ्याच्या मुळांचा पडदा खिडकीला लावून त्यावर पाणी शिंपडत राहिले की आत येणारी झळ गार आणि सुवासिक होई. १९३४ साली मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला थंड हवेचा डबा जोडला गेला. त्यात यंत्र नव्हते. डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरून आलेली हवा आत खेळवत आणि वाटेतल्या स्थानकांवर बर्फ बदलत. ही गाडी सुरतेवरूनच जात असे. तिथून तापीच्या फाट्याला वळणाऱ्या प्रवाशाला मात्र तो गारवा मिळण्याची शक्यता नव्हती.

मोटारीने वेळेचे स्वातंत्र्य काही प्रमाणात परत दिले. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. पुढे धुळे विभागातल्या नंदुरबार, शहादा, नवापूर आणि अक्कलकुवा या आगारांच्या गाड्यांनी जिल्ह्यातली गावे जोडली. सुरत-धुळे रस्त्यावर कोंडाईबारीचा घाट चढणाऱ्या मालमोटारींच्या पुढे किंवा आरशाला तेव्हा छागल लटकलेली असे. जाड किंतानी कापडाची ही पिशवी आधी भिजवून घेतली की तिचे विणकाम फुगून घट्ट होते. मग पाणी गळत नाही, फक्त झिरपते. धावत्या गाडीचा वारा त्या ओल्या कापडावरून गेला की आतले पाणी माठातल्यासारखे गार होते. बिनखर्चाची, बिघडायला काही नसलेली ही वस्तू प्लास्टिकच्या बाटलीने हटवली, पण बाटलीतले पाणी दुपारपर्यंत चहासारखे तापते. इतकी गुणी वस्तू रस्त्यावरून जाणे हे नुकसानच म्हटले पाहिजे.

त्या काळच्या मोटारींची रचनाही उन्हाचा विचार करणारी होती. अॅम्बॅसडर आणि फियाट या दोन्ही गाड्यांना पुढच्या दारात छोटी तिकोनी काच असे. ती फिरवून धरली की वाऱ्याचा झोत थेट छातीवर येई. तरी वाऱ्याचा उपयोग मर्यादितच असतो. माणसाच्या कातडीचे तापमान साधारण ३५ अंश असते. बाहेर ४३ अंश असताना खिडकीतून येणारा वारा अंगाला उष्णताच देत असतो. घाम वाळवून तो गारवाही देतो, पण शरीरातले पाणी कमी पडले की नुसती झळ उरते. म्हणून खानदेशात दुपारी मोटारीत बसणारा माणूस खिडकी उघडी ठेवूनही डोके आणि कान रुमालाने बांधून घेतो. हा रुमाल ओला असेल तर हिशेब माणसाच्या बाजूने वळतो.

यंत्राने थंड होणारी मोटार पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या अखेरीस अमेरिकेत लोकांपुढे आणली. तिचे यंत्र बंद करायचे तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. भारतात हा गारवा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला तो डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० नंतर, आणि तोही हळूहळू. तिच्या ७९६ सीसी इंजिनाला चढावर एसीचा भार झेपत नसे. तळोद्याहून धडगावकडे चांदसैलीचा घाट चढताना किंवा तोरणमाळच्या वळणांवर एसी बंद करून काचा खाली घेणे ही सवय तेव्हापासूनची आहे. तोरणमाळ १००० मीटरहून उंच असल्याने वर पोचेपर्यंत एसीची गरजही कमी होते.

एसी सर्रास झाल्यावर मोटारीच बदलल्या. तिकोनी काच गेली, मागच्या काचा अर्ध्याच उतरू लागल्या, पुढची काच मोठी आणि तिरपी होऊन जास्त ऊन आत घेऊ लागली. आता त्या गाडीचा एसी बंद पडला तर ती जुन्या फियाटपेक्षा जास्त तापते. बिघाडाची कारणे बहुधा साधी असतात. कुठल्याशा जोडातून वायू झिरपून जातो, कंप्रेसरचा क्लच पकडत नाही, किंवा शेतरस्त्यांवरची धूळ पुढच्या कंडेन्सरच्या जाळीत बसते. धूळ असेल तर ती पाण्याने हलकेच धुतल्यावर बरेचदा काम होते. वायू गेला असेल तर गळती शोधल्याशिवाय पुन्हा भरणे म्हणजे पैसे उडवणे आहे.

दुरुस्ती होईपर्यंत लोक जे करतात त्यात जुनी दोन्ही सूत्रे परत येतात. सुरतेला किंवा नाशिकला जायचे कुटुंब पहाटे चारला निघते आणि बाजारहाटाची कामे सकाळी दहाच्या आत उरकते. पूर्वी काळी फिल्म लावून ऊन अडवत, पण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये तिला मनाई केल्यापासून खिडकीला ओले पातळ फडके अडकवतात. उन्हात बंद उभी असलेली गाडी तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा २० अंशांच्या आसपास जास्त तापू शकते. म्हणून आधी चारी दारे उघडून ती हवा जाऊ देतात आणि मगच बसतात. अशा गाडीत मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये. सोबत कैरीचे पन्हे, ताक किंवा मीठ-साखरेचे पाणी असते. खिशात कांदा ठेवण्याची चालही आहे, मात्र उष्माघात तो रोखत नाही. बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपू लागली तर माणसाला सावलीत निजवून अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि लगेच रुग्णालयात न्यावे. जूनमध्ये पावसाआधी हवा दमट होते तेव्हा ओल्या फडक्याचा गुण जवळजवळ संपतो, आणि तेव्हा उरतो तो फक्त वेळेचा उपाय.

राज्य परिवहनाने २०१७ मध्ये शिवशाही ही वातानुकूलित बस आणली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालमोटारींच्या केबिनमध्ये एसी बसवणे केंद्र सरकारने सक्तीचे केले आहे. कोंडाईबारीच्या चढावर तापलेल्या इंजिनाशेजारी तासन् तास बसणाऱ्या चालकांना हे फार पूर्वीच मिळायला हवे होते. आधीच्या मालमोटारी या नियमात येत नाहीत, आणि त्या रस्त्यावर अजून अनेक वर्षे धावतील. धडगाव आणि मोलगीच्या बाजूला प्रवासी वाहणाऱ्या जीपगाड्यांत तर एसीचा प्रश्नच येत नाही. आत दाटीने बसलेली माणसे आणि टपावरचे प्रवासी अजूनही डोक्याला रुमाल बांधून, शक्यतो सकाळच्या पहिल्या फेरीनेच निघतात.