पद्मिनी व ११८ एनई

फियाट या इटालियन कंपनीच्या आराखड्यांवरून भारतात तयार झालेल्या दोन मोटारगाड्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने त्या बाजारात आणल्या. पद्मिनीचे मूळ फियाट ११०० मध्ये (१९५३), तर ११८ एनईचे मूळ फियाट १२४ मध्ये (१९६६) आहे. इटलीत या दोन्ही कुळांतून वेगवान क्रीडामोटारीही निघाल्या : पहिलीतून ११०० टीव्ही, दुसरीतून १२४ स्पायडर. भारतात मात्र त्यांचे चार दारांचे कौटुंबिक रूपच आले. मद्रासजवळील शोलावरम येथील शर्यतींत फेरफार केलेल्या फियाट गाड्या धावत.

कार्यक्षमता : मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या ११०० ला १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिचे १,०८९ घ.सेंमी. क्षमतेचे एंजिन सु. ४० अश्वशक्ती देई. इटलीत १९६२ मध्ये या गाडीला १,२२१ घ.सेंमी.चे एंजिन मिळाले. भारतात जुनेच चालू राहिले. १९८५ मध्ये आलेल्या ११८ एनईमध्ये निस्सान कंपनीचे १,१७१ घ.सेंमी.चे, सु. ५२ अश्वशक्तीचे एंजिन होते. पद्मिनीच्या मागील आसाला पट्टी स्प्रिंगा, तर १२४ च्या बांधणीत वेटोळ्या स्प्रिंगा असल्याने खडबडीत रस्त्यावर दुसरी अधिक स्थिर राही.

निगा : पद्मिनीच्या पुढील चाकांच्या सांध्यांना वरचेवर वंगण द्यावे लागे. उन्हाळ्यात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन एंजिन बंद पडे; अशा वेळी इंधन-पंपावर ओले फडके ठेवण्याचा उपाय विदर्भासारख्या उष्ण प्रदेशातील चालकांच्या अंगवळणी पडला होता. तथापि तिची रचना इतकी सोपी होती, की मोजक्या हत्यारांनी रस्त्याकडेलाही तिची दुरुस्ती होई. मुंबईतील हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिचे सुटे भाग व जाणकार कारागीर मुबलक राहिले. ११८ एनईला अशी मोठी मागणी लाभली नाही. शिवाय सांगाडा इटालियन व एंजिन जपानी असल्याने भाग जुळविणे कठीण पडे. म्हणून कामगिरीत सरस असूनही ती जुन्या गाडीला मागे टाकू शकली नाही.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे तिची अखेरची अधिकृत टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. त्याबरोबर या गाडीला तगवून धरणारी व्यवस्थाही ओसरू लागली. यापुढे दोन्ही गाड्यांचे आयुष्य हौशी मालक व उरलेले जुने कारागीर यांच्यावरच अवलंबून आहे. यंत्र टिकते ते केवळ बांधणीच्या बळावर नव्हे, तर ते दुरुस्त करणाऱ्या हातांमुळे, हे या दोन गाड्यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.