पत्रिकेतला मंगळ आला कुठून?



"मुलगी चांगली आहे हो, पण मंगळ आहे." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तेवढ्यावर जुळत आलेली सोयरीक मोडते. कुणी जन्मवेळ पुढे-मागे करून दुसरी पत्रिका काढून घेतं, तर कुणाला शांतीसाठी गटातून कर्ज हवं असतं. ज्या मंगळाला आपण एवढं भितो, तो पत्रिकेत आला कसा, ते आज समजून घेऊ या.

पत्रिकेत बारा घरं असतात. जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवत असते, तिला लग्नरास म्हणतात आणि तेच पहिलं घर. सातवं घर जोडीदाराचं. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला, की 'मंगळाची पत्रिका' म्हणतात. हीच पाच घरं का? ज्योतिषात ग्रहांना दृष्टी असते. मंगळ आपल्या घरापासून मोजून चौथ्या, सातव्या आणि आठव्या घराकडे बघतो, असं मानतात. आता बोटांवर मोजा. पहिल्या घरातून त्याची सातवी दृष्टी, चौथ्यातून चौथी आणि बाराव्यातून आठवी दृष्टी जोडीदाराच्याच घरावर पडते. सातव्यात तर तो स्वतःच बसलेला. राहिलं आठवं घर. बाईच्या पत्रिकेत त्यावरून नवऱ्याचं मरण बघायचं, असा जुना नियम आहे.

हा नियम किती जुना? वेदांग ज्योतिषात सूर्य, चंद्र आणि नक्षत्रं आहेत. यज्ञाची वेळ कळावी म्हणून केलेलं ते कालगणित आहे. त्यात बारा राशी नाहीत आणि माणसाची जन्मपत्रिकाही नाही. राशी आणि पत्रिकेची घरं आपल्याकडे पुढे ग्रीकांच्या, म्हणजे यवनांच्या, संपर्कातून आली. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहज्जातक हा ग्रंथ लिहिला. त्यात होरा, केंद्र असे मूळचे ग्रीक शब्द आहेत. सातव्या घराचं जुनं नाव 'जामित्र', तेही ग्रीकच, अर्थ, समोरासमोरचं. यवनांना हे शास्त्र चांगलं येतं, म्हणून ते मानाला पात्र आहेत, हेही वराहमिहिराने मोकळेपणाने लिहून ठेवलं.

याच बृहज्जातकात स्त्रियांच्या पत्रिकेवर वेगळा अध्याय आहे. सातव्या घरात मंगळ असेल तर बाईला लहानपणीच वैधव्य येतं, असं तिथे म्हटलं आहे. यातला 'लहानपणी' हा शब्द नीट ऐका. मुलींची लग्नं बालपणीच होत, तेव्हा ही भीती अगदी खरी होती. नवरा साथीत गेला, तापाने गेला, तरी दोष तिच्या पायगुणाला. पुढे केशवपन, एकवेळचं जेवण आणि कायमचं घराआड राहणं. महाराष्ट्रात ही अवस्था किती वाईट होती बघा. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून थेट विचारलं, की बायको मेलेला पुरुष लगेच दुसरं लग्न करतो, मग नवरा मेलेल्या बाईलाच शिक्षा का?

गंमत अशी, की ज्या वराहमिहिराच्या ग्रंथातून हे भाकित आलं, त्यानेच बृहत्संहितेत स्त्रियांची बाजूही घेतली. बायकांचे म्हणून जे दोष सांगतात, त्यातला कोणता दोष पुरुषांत नाही, असं तो विचारतो. ते प्रकरण मात्र लग्नाच्या बैठकीत कुणी काढत नाही.

आता थोडा हिशेब करू. गटाच्या वहीत आपण पै-पै मांडतो, तसाच हाही मांडू. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते. मंगळ मात्र एका राशीत साधारण दीड महिना असतो. म्हणजे कोणत्याही दिवशी २४ तासांतले जवळजवळ १० तास जन्मणारं प्रत्येक बाळ मंगळाचं. बारांतली पाच घरं म्हणजे शंभर पत्रिकांत चाळीसच्या आसपास पत्रिका. दक्षिणेत काही ठिकाणी दुसरं घरही धरतात, तिथे शंभरात पन्नास. शिवाय मंगळ मेषेत, वृश्चिकेत किंवा मकरेत असेल, गुरूची दृष्टी असेल, तर दोष नाही, असे अपवादही आहेत. म्हणून तीच पत्रिका एका ठिकाणी 'कडक मंगळ' आणि दुसऱ्या ठिकाणी 'निर्दोष' ठरते.

पत्रिकेवरून माणूस ओळखता येतो का, याची चाचणीही महाराष्ट्रात झाली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन्ही गटांतल्या मुलांच्या मिळून २०० पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून कोणती कुणाची ते सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.

कुणाची श्रद्धा मोडायला आम्ही हे सांगत नाही. देवळात जा, मंगळवार करा. पण मुलीला 'मंगळी' म्हणून घरात बसवायचं नाही, आणि तिच्या नवऱ्याच्या आजारपणाचं खापर तिच्यावर फोडायचं नाही, एवढं आपल्या गटाने ठरवायला काय हरकत आहे? आणि जुळवायचंच असेल, तर लग्नाआधी दोघांची सिकलसेलची तपासणी जुळवू. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आकाशातल्या मंगळाला आपल्या सोयरिकीचं काही पडलेलं नाही. रक्तातला हा आजार मात्र लेकराच्या वाट्याला येतो.

पुढच्या बैठकीत एवढं करा. आपापल्या गावात मंगळामुळे किती स्थळं मोडली आणि शांतीपायी किती कर्ज झालं, ते वहीत लिहून काढा. मग त्यावर बोलू.