बाहेर बसणारा कोळी: एका साध्या प्रश्नाचा इतिहास

टॅरंटुला पाळायचा म्हणणाऱ्याचा पहिला प्रश्न विषाचा असेल असं आपल्याला वाटतं. बऱ्याचदा तो वेगळाच असतो: "बाहेर बसणारा कुठला?" पैसे मोजून काचेची पेटी आणली, आणि महिनोन्‌महिने आत फक्त माती बघत बसलो, असं कुणालाच नको असतं. न दिसणाऱ्या कोळ्याला या छंदात एक थट्टेचं नावही आहे, 'पेट होल', म्हणजे पाळलेलं बीळ. म्यानमार-थायलंडकडचा कोबाल्ट ब्लू हा त्याचा ठरलेला नमुना. निळा रंग असा की नजर हटू नये, पण स्वारी खोल बिळात, आणि मालकाच्या वाट्याला येतं ते बिळाचं तोंड.

इतिहासात संशोधन करू पाहणाऱ्यांनी हा प्रश्न जरा उलटा धरून बघावा. 'दिसणं' हा त्या कोळ्याचा गुण आहे, की तो कुणी, कुठे आणि कशात ठेवून बघितला याचा परिणाम आहे? कोळ्यांविषयी गेल्या तीनशे वर्षांत जे लिहिलं गेलं त्यात हा घोळ पुन्हा पुन्हा दिसतो, आणि तो आपल्या कामातल्या घोळांसारखाच आहे.

सुरुवात मारिया सिबिला मेरियनपासून करू. 1699 ते 1701 या काळात ही चित्रकार-निरीक्षक मुलीला घेऊन सुरिनाममध्ये राहिली आणि 1705 मध्ये ॲमस्टरडॅममधून तिचं कीटकांवरचं मोठं पुस्तक निघालं. त्यातल्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर मोठे केसाळ कोळी आहेत आणि एकाच्या तावडीत हमिंगबर्ड सापडलाय. हे चित्र खूप गाजलं. लिनियसने 1758 मध्ये अशा कोळ्याच्या नावात 'पक्षी' घातला तो त्याच परंपरेतून. ॲव्हिक्युलेरिया हे नाव अजून चालू आहे.

मग 1834 मध्ये विल्यम शार्प मॅकले या ब्रिटिश अभ्यासकाने मेरियनबाईंना जवळजवळ खोटारडं ठरवलं. तो क्यूबात, हवानात नोकरीला होता आणि तिथले मोठे कोळी त्याने स्वतः बघितले होते. ते जमिनीत नळीसारखं बीळ करून राहतात, मग झाडावर चढून पक्षी कसे धरतील? त्याचा युक्तिवाद साधारण असा. आता गंमत बघा. मॅकलेने स्वतः बघितलेलं चूक नव्हतंच. क्यूबातला बिळातला कोळी खराच होता. पण सुरिनामचा कोळी वेगळ्या जातीचा, झाडावर रेशमी नळी विणून राहणारा. एका बेटावर जे दिसलं ते त्याने अख्ख्या खंडाला लावलं, आणि ज्या बाईने प्रत्यक्ष तिथे जाऊन बघितलं होतं तिच्यावर अविश्वास दाखवला. ती बाई होती म्हणून हे सोपं गेलं का, यावर स्वतंत्र लेख होईल. माझं मत 'हो' असं आहे, पण इथे तो मुद्दा सोडतो.

पुढे हेन्री वॉल्टर बेट्सने ॲमेझॉनमध्ये अकरा वर्षं काढून 1863 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात कामेता गावाजवळ असा कोळी लहान पक्ष्यांवर बसलेला स्वतः बघितल्याची नोंद आहे. मेरियनबाईंची बाजू सावरली गेली. पण मला त्याच पानांतली दुसरी, लहानशी नोंद जास्त आवडते. बेट्ससाठी प्राणी गोळा करणाऱ्या एका आदिवासी कुटुंबातली मुलं अशाच एका कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखं घरभर फिरवत होती. पाळीव टॅरंटुलाचा इतिहास लिहायचा तर लोक सहसा विसाव्या शतकातल्या अमेरिकन दुकानांपासून सुरू करतात. लेखी स्रोतात मात्र तो असा, दुसऱ्याच गोष्टीच्या ओघात, एका वाक्यात येऊन जातो. अशी वाक्यं टिपून ठेवत जा. ती अनुक्रमणिकेत सापडत नाहीत.

विसाव्या शतकात आर्कान्सा विद्यापीठातल्या विल्यम बेर्ग यांनी टॅरंटुलांना खऱ्या अर्थाने वर्षानुवर्षं सांभाळून बघितलं. विष किती घातक हे तपासायला ते स्वतःला चावूनही घेत. 1958 मध्ये त्यांचं टॅरंटुलावरचं पुस्तक आलं. त्यांच्या कामातून एक गोष्ट पक्की झाली: मादी वीस वर्षांहून जास्त जगू शकते, नर मात्र वयात आल्यावर फार टिकत नाही. अमेरिकेच्या त्या भागात शरद ऋतूत रस्त्यावरून चालणारे जे टॅरंटुला लोकांना दिसतात, ते जवळपास सगळे मादीच्या शोधात निघालेले नर असतात. माद्या बिळात. म्हणजे रस्त्यावरच्या नोंदींवरून कुणी लोकसंख्येचा अंदाज बांधला तर त्याला अर्धी, तीही मरणाला टेकलेली, लोकसंख्या मिळेल. पाळणाऱ्यालाही हे लागू: ऐटीत हिंडणारा प्रौढ नर घेतलात तर तो थोडेच महिने दिसेल.

आता दुकानांकडे येऊ. सिनेमाने टॅरंटुलाला आधीच प्रसिद्ध केलं होतं. 1955 चा 'टॅरंटुला', 1962 चा बाँडपट 'डॉ. नो', 1977 चा 'किंग्डम ऑफ द स्पायडर्स'. सत्तरच्या दशकापासून मेक्सिकोचा 'रेड नी', काळ्या अंगावर लालसर-केशरी गुडघ्यांचा, या व्यापाराचा चेहरा झाला. कारण साधं होतं: रंग ठळक, चाल संथ, आणि मोठी मादी पेटीत उघड्यावर तासन्‌तास बसून राहते. रानात हाच कोळी दगडाखालच्या, मुळांखालच्या बिळात राहतो आणि जवळून जाणाऱ्यालाही दिसत नाही.

ती बाहेर का बसते, याचं एक कारण तिच्या पोटावरच्या केसांत आहे. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर खाजकुइलीसारखे बोचरे केस असतात. कुणी जवळ आलं की मागच्या पायांनी ते उडवायचे, काम झालं. आशिया-आफ्रिकेतल्या टॅरंटुलांना हे केस नसतात. त्यांच्याकडे वेग, चावा आणि बीळ. म्हणून छंदातला जुना ठोकताळा असा की दिसणारा हवा तर अमेरिकेतला, जमिनीवरचा घ्या: रेड नी, मध्य अमेरिकेतला कुरळ्या केसांचा अल्बोपिलोसस, किंवा ब्राझील-उरुग्वेकडचा मखमली काळा ग्रॅमोस्टोला पुल्क्रा. हा सल्ला आजही चांगला आहे. पण त्यात दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक, याच जातींची पिल्लं सुरुवातीचा बराच काळ माती उकरून आत राहतात. दुसरी, उथळ माती आणि आडोसा नाही अशा पेटीत ठेवलं तर कुठलाही कोळी 'दिसतो', कारण त्याला जायला जागाच नसते. खोल माती आणि आडोसा दिल्यावरही जो बाहेर बसतो, त्याच्याबद्दलच तो बाहेर बसतो असं म्हणता येईल. जुन्या अनुभवकथनात पेटी कशी होती हे लिहिलेलं नसेल, तर 'माझा कायम दिसतो' या वाक्याला पुरावा म्हणून फारशी किंमत नाही.

या दिसण्याची किंमत रेड नीने रानात मोजली. एक मादी वयात यायला अनेक वर्षं लागतात आणि व्यापाराला हव्या असतात नेमक्या मोठ्या माद्याच. 1985 मध्ये ब्रॅकिपेल्मा स्मिथी साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागू झाला. 1994 मध्ये फोर्ट लॉडरडेलच्या परिषदेत सगळी ब्रॅकिपेल्मा प्रजातीच त्यात घेतली गेली.

पुढचा भाग संशोधकासाठी सगळ्यात चविष्ट. स्मिथी हे नाव 1897 चं, मेक्सिकोच्या गेरेरो राज्यातल्या नमुन्यावरून दिलेलं. 1997 मध्ये त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या एका कोळ्याला हॅमोरी हे वेगळं नाव मिळालं. 2017 मध्ये मेंडोसा आणि फ्रांके यांनी या गटाची नीट फेरतपासणी केली, तेव्हा स्पष्ट झालं की घराघरांत, पुस्तकांत, फोटोंत 'स्मिथी' म्हणून मिरवणारा कोळी बहुतांशी हॅमोरी आहे. कोलिमा, हालिस्को, मिचोआकानकडचा. जगातला सगळ्यात जास्त बघितला गेलेला टॅरंटुला, आणि नाव दुसऱ्याचं! आता जुन्या व्यापाराच्या कागदांत 'स्मिथी' असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ काय लावायचा? कागद खोटा नाही. लिहिणाऱ्याला तेव्हा जे नाव माहीत होतं तेच त्याने लिहिलं. पण त्यावरून गेरेरोच्या डोंगरातून किती कोळी गेले हे काढता येणार नाही. 'ब्रॅकिपेल्मा, लाल गुडघ्यांचा' एवढंच म्हणावं लागेल. जुन्या दफ्तरात पिकांची, जातींची, रोगांची नावं वाचताना हेच करावं लागतं.

शेवटी आपल्याकडचं उदाहरण. 1899 मध्ये पोकॉकने पोसिलोथेरिया मेटालिका या झगझगीत निळ्या कोळ्याचं वर्णन केलं ते एकाच नमुन्यावरून, आणि तो मिळाला होता आंध्रातल्या गुटीला, रेल्वेच्या लाकूड वखारीत. इंग्रजी नाव पडलं गुटी सफायर. त्यानंतर शंभर वर्षं कुणी तो परत बघितल्याची नोंद नाही. 2001 च्या सुमारास तो पुन्हा सापडला तो नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात, गुटीपासून साधारण शंभर किलोमीटरवर. वखारीत तो बहुधा ओंडक्यांबरोबर रेल्वेने आला असावा. त्याचं घर म्हणजे झाडांच्या ढोल्या. साहेबाच्या नजरेला तो पडला तो मात्र रेल्वेच्या आवारात, आणि तेच गाव त्याच्या नावाला चिकटलं.

हा कोळी उजेड लागला की पळतो, बाहेर बसणाऱ्यांत तो मोडत नाही. तरी निळ्या रंगापायी युरोप-अमेरिकेत त्याची पैदास जोरात होते, आणि रानातला मात्र 2008 पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. 2019 मध्ये पोसिलोथेरिया प्रजातीही साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. भारतात वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने साइट्सच्या याद्या कायद्याला जोडल्या. त्यामुळे आपल्याकडे 'बाहेर बसणारा कुठला' या प्रश्नाच्या आधी, कागदपत्रं आहेत का, हे विचारावं लागतं. रेड नीलाही तेच लागू आहे.