क्रोसिन नको, ब्रुफेन द्या

मिरजेत दवाखाने जास्त की औषधाची दुकानं, हे सांगणं अवघड. त्यातल्याच एका दुकानात मी काउंटरला असते. ज्यांच्या घरात लिव्हरचा पेशंट आहे, अशी माणसं एक गोष्ट हमखास बोलतात: "ताई, क्रोसिन नको, ती लिव्हरला वाईट. ब्रुफेन द्या." मला विचाराल तर ही भीती खरी आहे, पण भलत्याच गोळीला चिकटली आहे. ती चिकटली कशी, त्यालाही इतिहास आहे.

स्ट्रासबुर्ग, १८८६. कान आणि हेप हे दोन डॉक्टर जंतांवर नॅप्थालीन देऊन बघत होते, म्हणजे आपली डांबरगोळीच. औषधवाल्याकडून भलतीच पूड आली. जंत राहिले बाजूला, ताप मात्र सरसर उतरला. पूड ॲसिटॅनिलाइडची निघाली. (केमिस्टच्या गफलतीतून नवं औषध सापडलं, ही हकिकत आमच्या धंद्यात कोणी मोठ्यानं सांगत नाही.) अँटिफेब्रिन या नावानं ते खपू लागलं, पण काही रोग्यांचे ओठ निळे पडायचे. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉलही तेव्हा माहीत होतं. डॉक्टर फॉन मेरिंग यांनी १८९३ मध्ये ते वापरूनही पाहिलं, पण त्यानंही रक्त बिघडतं असा ग्रह झाला आणि ते अर्धशतक अडगळीत पडलं.

तिथून ते काढलं न्यूयॉर्कमध्ये ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड या संशोधकांनी. १९४८ मध्ये त्यांनी दाखवलं, की ॲसिटॅनिलाइड पोटात गेलं की शरीर त्याचं बहुतांशी पॅरासिटामॉल करतं आणि गुण येतो तो त्याचाच. म्हणजे साठ वर्षं लोक एक औषध गिळत होते आणि त्यांचं लिव्हर त्यांना दुसरंच बनवून देत होतं! ॲक्सेलरॉड यांच्याकडे तेव्हा डॉक्टरेटसुद्धा नव्हती. नोबेल मिळालं १९७० साली, तेही वेगळ्या कामाबद्दल. पॅरासिटामॉल १९५५ मध्ये अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये दुकानात आलं.

भीतीचा जन्म १९६६ चा. डेव्हिडसन आणि ईस्टहॅम यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन रोग्यांची माहिती दिली. एकदम भरमसाट गोळ्या घेतलेल्या या दोघांचं लिव्हर जळाल्यागत झालं होतं आणि दोघेही दगावले. कारण सापडलं १९७३ मध्ये, अमेरिकेत, आणि शोधणाऱ्यांत पुन्हा ब्रोडी होतेच. लिव्हर बहुतेक पॅरासिटामॉल निरुपद्रवी करून लघवीवाटे काढून टाकतं, पण थोड्याशा भागाचं विष बनतं. ग्लुटाथिओन नावाचा पदार्थ ते जागच्या जागी मारतो. त्याचा साठा आमच्या गल्लीतल्या टाकीसारखा आहे: बेतानं वापरलं तर भरत राहतो, एकदम नळ सोडले तर कोरडा पडतो. तो भरून काढायला एडिंबरामध्ये प्रेस्कॉट यांनी ॲसिटिलसिस्टीन शिरेतून दिलं आणि १९७७ मध्ये ते छापून आलं. आजही विषबाधेवर तेच देतात.

मग आधीच खराब असलेल्या लिव्हरचं काय? पॅरासिटामॉल अशा माणसाच्या रक्तात जास्त वेळ रेंगाळतं, हे खरं. पण १९८३ मध्ये छापलेल्या एका चाचणीत लिव्हरचा जुना, स्थिर आजार असलेल्या २० जणांना रोज ४ ग्रॅम असं १३ दिवस दिलं गेलं, आणि त्यानं लिव्हर आणखी बिघडल्याचं दिसलं नाही. तरी डॉक्टर हात राखूनच देतात. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर निबर होऊन गेलं असेल तर, सहसा दिवसाला २ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार किंवा ६५० च्या तीन. पिणारा आणि पोटात अन्न नसलेला असेल तर त्याहून कमी, कारण दारू विषाकडे जाणारी वाट रुंद करते आणि उपासमारीत ग्लुटाथिओन उरत नाही.

आणि ब्रुफेन? ती ॲस्पिरिनच्या जातीची. संशोधक व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की या जातीच्या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनू देत नाहीत. सिरॉसिसवाल्याच्या, विशेषतः पोटात पाणी झालेल्याच्या, किडनीचा रक्तपुरवठा त्याच प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर चाललेला असतो. तो तुटला की लघवी कमी, पाणी आणखी वाढलेलं, किडनी बंद. शिवाय प्लेटलेट कमी आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या, तिथं रक्तस्राव सुरू झाला तर आवरत नाही. व्होव्हेरानही त्याच जातीची, तिचंही तेच. ट्रॅमाडॉल, कोडीन या दुखण्यावरच्या औषधांना तर पुरतं कामाला यायला लिव्हरच लागतं. गुण कमी येतो, आणि मलावरोध नि गुंगी वाढून माणूस बरळायला लागू शकतो.

सगळ्यात फसवी कॉम्बिफ्लॅम. तिच्यात पॅरासिटामॉल आणि ब्रुफेनमधलंच आयब्युप्रोफेन, दोन्ही आहेत. म्हणून "क्रोसिन नको" म्हणणारा तीच मागायला लागला, की मी पट्टी उलटी करून त्याच्या समोर धरते आणि मागची बारीक अक्षरं त्यालाच वाचायला लावते.